बादलीला पाचवा महिना

"चंद्री बोलली! चंद्री बोलली!"

आरेतल्या तबेल्यात माणसांचा गराडा. मधोमध सुंदराबाईंची म्हैस. तिच्या कानातल्या बिल्ल्यासमोर फोन धरून पांढऱ्या कुर्त्यातले चंद्रप्रकाश सर. फोनातून गोड आवाज:

— मी चंद्री. तीन वेतं झाली. माघात लस टोचली. मी सुखी आहे.

"शब्दन् शब्द खरा गं बाय!" सुंदराबाईंनी हात जोडले.

"सरकारी अ‍ॅप फाइल वाचतं, मावशी. आमची 'म्हैसवाणी' मन वाचते! वर्गणी भरा, डॉक्टर विसरा."

विसरायची ती डॉक्टर तिथेच उभी होती. इरावती, गुरांच्या सरकारी दवाखान्यातली. ती फोनकडे नाही, गव्हाणीकडे बघत होती. चंद्रीनं वैरणीला तोंडही लावलं नव्हतं.

"मावशी, ताप बघू दे."

"नको. सुई टोचलीस की दूध आटतं. ती स्वतः सांगतेय ना, सुखी आहे म्हणून?"

"मॅडम, तुमचं अ‍ॅप चालतं तरी का?" सर हसले. सगळेच हसले. खोटं नव्हतं, तीनदा लटकायचं, तेव्हा एक नोंद व्हायची.

माघातली लस. तीन वेतं. दोन्ही नोंदी तिनंच सरकारी अ‍ॅपात भरलेल्या. इरावतीच्या मनात पाल चुकचुकली. पिशवीत कधीचा पडलेला एक सुटा बिल्ला तिनं काढला आणि बादलीच्या कडीला बांधला.

"सर, हिचं मन वाचा."

"चेष्टा करता काय?"

"वाचा ना सर, होऊन जाऊ दे!" म्हणत शेजारच्या गोठ्यातल्या सुशांतनं आपलाच फोन पुढे केला. त्यानं कालच वर्गणी भरली होती.

— मी राणी. पोटात पाचवा महिना. मी सुखी आहे.

"आयला, बादली गाभण!" गर्दीत हशा पिकला.

सुंदराबाई मात्र हसल्या नाहीत. "राणी तर श्रावणात मेली."

"मेली. तिचा बिल्ला मी काढून नेला, आणि ती नोंद करायची माझ्याकडून राहिली. चूक माझी. पण माझी चूक यांच्या म्हशीच्या मनात कशी शिरली?"

म्हशीचं मन वाचण्याची कृती: बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर घ्यावा. त्यावरून फुकटात उघडणारी सरकारी नोंद उचलावी. गोड आवाजात घोळवावी. वरून 'सुखी' भुरभुरावं. गरमागरम विकावं.

"ते... अपडेट यायचंय," सर पुटपुटले.

सुंदराबाईंनी चंद्रीची शेपटी स्वतःच उचलली. "बघ गं ताप."

थर्मामीटर एकशे पाचवर.

सुई भरता भरता इरावती म्हणाली, "अ‍ॅप सरकारी वापरा, खासगी वापरा. आमचं लटकलं तर माझ्याशी भांडा. पण कुठलंही यंत्र काही सांगायला लागलं, की विचारा, तुला हे कुणी सांगितलं? आणि म्हशीनं वैरण सोडली असेल, तर यंत्राला काहीच विचारू नका. तिच्या अंगाला हात लावून बघा."