बाबांची नोंद

“आज सहावा दिवस.” मी वही सिस्टरपुढे सरकवली. “शीच केली नाहीये हिनं.”

माझ्या मांडीवर अडीच महिन्यांची लेक, शेजारी बाबा. बाळंतपण करायला आई राहिली नव्हती, म्हणून बाबाच माझ्याकडे येऊन राहिले होते. पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं पंप चालवून निवृत्त झालेला माणूस. दर तासाला दाब लिहायची सवय काही सुटली नव्हती. लेकीची वही त्यांनीच पट्टीनं आखून दिली होती. तारीख, वेळ, रंग, शेरा.

सिस्टरनं पोट चाचपलं. लेक खुदकन हसली.

“मऊ आहे. उलट्या, ताप?”

“नाही.”

“फक्त अंगावरच पिते ना? लंगोट ओले करते?”

“दिवसाला सात-आठ.”

“वजनही छान वाढलंय. मग काळजीनं तुझंच पोट दुखतंय गं, तिचं नाही.”

“पण आधी रोज चार-चारदा करायची!”

“दीड महिन्यानंतर होतं असं. आईच्या दुधाचं मागे उरतं किती? काही बाळं रोज करतात, काही आठवड्यानं. केली की मऊ असली, झालं. पोट फुगलं, रक्त दिसलं, दूध तोडलं, तर मात्र धावत ये.”

“आणि मोठ्यांचं?”

“दिवसातून तीनदा काय, आठवड्यातून तीनदा काय, ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. ते ठरलेलं बिघडलं आणि तीन-चार आठवड्यांत रुळावर आलं नाही, तर तपासायचं.”

माझा जीव भांड्यात पडला. “आमच्या बाबांचा सहाचा ठोका,” मी हसत म्हणाले. “आई त्यांच्यावरून घड्याळ लावायची!”

यावर बाबा नेहमी काहीतरी ठेवणीतलं बोलायचे. आज ते वजनकाट्याकडे बघत राहिले.

मग मला एकेक दिसायला लागलं. दिवसातून चार-पाचदा लागणारी संडासाची कडी. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक. लेकीचा लंगोटन् लंगोट मी तपासला होता. बाबा समोर होते, त्यांच्याकडे मात्र बघितलंच नव्हतं.

“बाबा, किती दिवस चाललंय?”

“काही नाही गं. तुमच्याकडचं पाणी मानवत नाही.”

“एकतीस वर्षं गावाला पाणी पाजलंत, आणि तुम्हालाच मानवत नाही?” मी म्हणाले. मग लेकीबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात सिस्टरनं विचारलं, “रक्त?”

बाबांनी नातीचा पाय चिमटीत धरला. “दोनदा. म्हणजे... तीनदा. हिच्या आईच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे? त्यात माझा कशाला?”

“पंपाचा आवाज बदलला तर काय करायचात बाबा?” मी विचारलं. आवाज स्थिर ठेवला.

“नोंद.”

“आणि?”

“साहेबांना कळवायचं.” ते थांबले. “लगेच.”

“मूळव्याध असेल, दुसरंही काही असेल,” सिस्टर म्हणाल्या. “तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पण सांगितलंत, हे बरं केलंत. डॉक्टर आहेत आत.”

बाबांनी खिशातलं पेन काढलं. वहीचं कोरं पान उघडलं. पट्टी नव्हती, म्हणून लसीच्या कार्डाची कड धरून चार रकाने आखले. तारीख घातली, वेळ घातली. रंगाच्या रकान्याशी पेन क्षणभर थबकलं. मग तिथेही लिहिलं. शेऱ्यात एकच शब्द: ‘कळवले.’

वही काखेत धरून, सदरा नीट करून ते डॉक्टरांच्या दारापाशी गेले आणि त्यांनी टकटक केली.