सातव्या थांब्यावरचा माणूस

शहापूरबाहेर हायवे जिथे वळतो, तिथून आत शिरलं की वनउद्यान लागतं. श्वेता तिथे गाइड होती. छोटी रेल्वे, फुलपाखरांची बाग, तळ्यातल्या होड्या, मनोरा, असे सात थांबे दाखवायचे आणि पहिल्याच थांब्यावर पाठ केलेलं म्हणायचं, "वीस वर्षांपूर्वी इथे ओसाड माळ होता. हे जंगल माणसांनी उभं केलं."

'ओसाड' हा शब्द ती दर वेळी घाईने उरकायची. त्याच माळावर ती जन्मली होती. चौदा घरांचा पाडा होता. ती चार वर्षांची असताना तो हलवून हायवेपलीकडच्या पत्र्याच्या वसाहतीत नेला. पण बारावीनंतर घराजवळ मिळालेली नोकरी हीच, आणि काय सांगायचं ते ऑफिसातून छापून यायचं.

"तुझी पोर काय सांगते ते एकदा ऐक तरी," असं वसाहतीतलं कुणीतरी तिच्या बापाला, पांडूला, म्हणालं. वीस वर्षं कुंपणाच्या आत पाऊल न टाकलेला माणूस एका रविवारी तिकीट काढून, धुतलेला सदरा घालून ठाण्याच्या पाहुण्यांमागे येऊन उभा राहिला. श्वेताने त्याला पाहिलं. तरीही "ओसाड माळ" म्हणाली आणि मान खाली घातली.

"ओसाड नवता गो," पांडू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "त्या होड्या हायत ना, तिथं आमची भातखाचरं. मनोऱ्याखाली येसूबाईचं घर. आन् हा आंबा माझ्या आज्यानं लावला."

लोक त्याच्याभोवती गोळा झाले. कुणी नाचणीचं विचारलं, कुणी बिबट्याचं. मोबाइल वर झाले. श्वेताला वाटलं, नोकरी गेली.

संध्याकाळी व्यवस्थापक सुनील सरांनी तिला बोलावलं. "ते म्हातारे लोकांना फार आवडले. सातव्या थांब्यावरची कुडाची झोपडी रिकामीच आहे. तिथे बसवू त्यांना."

"सर, ते माझे वडील आहेत."

"मग तर छानच. फक्त पाहुण्यांसमोर तसं म्हणू नकोस. आणि पाडा हलवला वगैरे त्यांना बोलू देऊ नकोस."

नाही म्हणायचं होतं. तोंडातून "बरं सर" निघालं. मग घरी येऊन तिने बापालाच गळ घातली. "बा, तू नाय म्हण. लोक तुला पिंजऱ्यातल्या जनावरागत बघतील."

"बघू दे," पांडू म्हणाला. "तुझी आई गेली तवा तिला तिथंच जाळली मी. वीस वर्सं बाहेरून बघतोय. आता रोज आत बसाया मिळंल."



आता ती रोज पाहुण्यांना घेऊन झोपडीपाशी येते. "हे पांडूआजोबा, इथले जुने रहिवासी." पांडू दारात बसलेला असतो. पाडा का सोडला, असं कुणी विचारलंच, तर लेकीकडे न बघता सांगतो, "खुशीनं गेलो आमी." लोक माना डोलावतात. श्वेता बाहेरच्या वाटेकडे हात दाखवते.

सहाला शिटी वाजते. उद्यान रिकामं करायचं काम गाइडांचंच.

"चल बा, गेट बंद होतंय."

"बस गो जरा."

ती शेजारी टेकते. वॉचमन दुसरी शिटी मारतो, तेव्हा बापाच्या दंडाला धरून ती त्याला बाहेर घेऊन जाते.