दोन कंपन्यांचा एक खलनायक

मी इंजिनियर आहे हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं आहे. नागपुरात दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामची अक्षरं लहानमोठी करणं एवढंच माझं काम होतं, हे मात्र सांगायचं राहून गेलं. ती नोकरी गेली, मी मूल शहराजवळच्या आमच्या गावी परत आलो आणि 'घरून काम करतो' असं सांगत फिरू लागलो. त्यातलं अर्धं खरं होतं. मी घरीच होतो.

अशात वडशाहून मुखरूभाऊंचा फोन आला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक पाहिजेच. घराघरात पाहुणे उतरतात, गावभर चुली पेटतात. नाटकाच्या कंपन्या वडशाला, तारीख पक्की करायला गावकरी तिथं जातात. मुखरूभाऊंची एक कंपनी, कलाबाईंची दुसरी, आणि दोघांच्या ऑफिसची भिंत एकच. माझे बाबा, लहानूभाऊ, मुखरूभाऊंचे जुने खलनायक.

"राजदीप, आमची दोघाइची मिळून एकच वेबसाइट बनव," मुखरूभाऊ म्हणाले. "गाववाले मोबाईलवरच तारीख घेतीन. पण माह्या तारखा कलाबाईले दिसाले नाई पाह्यजे."

"अन् माह्या याले," मागून कलाबाईंचा आवाज आला.

म्हणजे वेबसाइट एक आणि तिच्यामागे डेटाबेस दोन. डेटाबेस म्हणजे माहितीची ढोली समजा, आपली धान साठवायची असते तशी. ढोल्या दोन, झाकणं वेगळी, पण हात घालणारा एकच. एका प्रोग्रामला एकाच वेळी दोन डेटाबेस जोडायचं काम मी जन्मात केलं नव्हतं. "त्यात काय, होऊन जाते," मी म्हणालो.

आणि झालंही. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा दोन्ही ढोल्यांतल्या तारखा एका पडद्यावर आल्या तेव्हा मी अंगणात जाऊन उगाच दोन फेऱ्या मारल्या. भानगड फक्त कलाकारांची होती. काही जण मोकळ्या तारखेला दुसऱ्या कंपनीत जातात. अशा माणसाची तारीख पक्की करताना प्रोग्रामने दोन्हीकडे पाहायला पाहिजे. सगळ्यांसाठी दोन्हीकडे पाहायला लावलं तर साइट रांगायला लागायची, म्हणून मी एक शहाणपणा केला. जो दोन्हीकडे काम करतो त्याच्याच नावापुढे खूण करायची, बाकीच्यांसाठी एकच ढोली उघडायची. मग मी एकेकाला फोन लावला. नायिका, विनोदी नट, ढोलकीवाला, इतकंच काय पडदेवाल्यालाही विचारलं, भाऊ, तुम्ही दोन्हीकडे जाता का?

बाबांना विचारलं नाही. ते शेजारच्या खोलीत घोरत होते. घरच्या माणसाला काय विचारायचं?

आता आईबद्दल सांगायला पाहिजे. माझ्या आईने, अंजनाबाईने, बाबांना स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. हिवाळाभर ते सकाळी घरी येत, डोळ्यांत काजळ तसंच, दिवसभर झोपत आणि दुपार कलली की पुन्हा गाडीत बसत. कोणी म्हटलं, बाई, एकदा जाऊन पाहून ये, तर आई म्हणायची, "नाटकवाल्याची बायको नाटकाले गेली का लोक नाटक सोडून तिलेच पाह्यतेत. मी पाहीन त आपल्या गावात पाहीन, आपल्या बायाइत बसून." आणि आमच्या गावची मंडई समिती दरवर्षी नेमकी दुसरीच कंपनी आणायची.

यंदा मुखरूभाऊंची कंपनी ठरली. माझ्या वेबसाइटवरून ठरली, हे मी घरात बरेचदा बोलून दाखवलं. आईने पेटीतली निळी साडी काढून उन्हात टाकली. मावशीला बोलावलं, मामाला बोलावलं. नळावर कोणी भेटलं तरी तेच, "यंदा मी पाह्यनार आहो." इतकी खुश मी तिला माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती. तो निकाल पाहता, ते बरोबरच होतं म्हणा.

मंडईच्या दिवशी सकाळपासून घर पाहुण्यांनी भरलं. माझा मावसभाऊ मिथुन मावशीला आपल्या गाडीने घेऊन आला. बाबा अंगणात दाढी करत बसले होते. त्यांचा मोबाईल वाजला, आणि लगेच पुन्हा वाजला. 'आता तारखा डोक्यात ठेवू नका बाबा, सकाळी माझी वेबसाइटच तुम्हाला कळवत जाईल,' असं त्यांना मीच सांगितलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला होता.

"राजदीप," अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "मी आज इथीबी आहो अन् धानोऱ्याकडंबी आहो."

मी मोबाईल हातात घेतला. एक निरोप मुखरूभाऊंच्या कंपनीचा, आमच्या गावचा. दुसरा कलाबाईंच्या कंपनीचा, धानोऱ्यापलीकडच्या गावचा. दोन्ही माझ्याच वेबसाइटचे, दोन्हींच्या खाली माझं नाव.

"तुम्ही कलाबाईकडे जाता?"

"जातो ना. मोकळी तारीख असली का जातो."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं काऊन नाई? पडदेवाल्याले फोन केला तू."

प्रोग्राम बिघडला असता तर बरं झालं असतं. तो बिघडला नव्हता. मी जेवढं सांगितलं तेवढं त्याने इमानाने केलं होतं. बाबांच्या नावापुढे खूण नाही, मग दुसरी ढोली उघडायची नाही. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसलो.

दोन्ही गावांत पोस्टरं लागून गेली होती, दोन्हींवर मिशीला पीळ देणारे बाबा. आणि आमच्याकडची माणसं पोस्टर वाचून सोडून देत नाहीत. पोस्टरवरचं प्रत्येक तोंड स्टेजवर आलं का ते पाहतात, एखादं कमी भरलं तर सकाळी कंपनीची गाडी गावातून हलू देत नाहीत. मी कलाबाईंना फोन केला, बदली माणूस मिळतो का विचारलं. मंडईच्या दिवसांत मोकळा खलनायक कुठून मिळणार?

"पहिले कोनाची तारीख लागली?" बाबांनी विचारलं.

मी पाहिलं. धानोऱ्याकडची.

"मंग मी तिकडं जातो. पहिला शब्द त्याहिले देल्ला. आपल्या गावाले समजावता येते, परक्या गावाले कोन समजावन?"

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडली असती, चिडली असती, तर मी पाय धरले असते. ती आत गेली आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला लागली. मला इतकी लाज वाटली की मी तिच्या मागे जाऊन मूर्खासारखं बोललो, "आई, पुढच्या वर्षी नक्की."

"तुह्या वेबसाइटनं कळवशीन," आई म्हणाली.

तेवढ्यात मुखरूभाऊंचा फोन. भिंतीपलीकडून त्यांना कळलंच होतं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते फार शांत होते, आणि ते जास्त वाईट. "पोस्टरवर लहानू आहे. स्टेजवर कोन आहे?"

"भाऊ, मी काही तरी..."

"तूच चढ. तोंड बापावानीच आहे तुहं. प्रॉम्प्टर आहे ना, भेतं काऊन?"

आमच्या नाटकात प्रॉम्प्टर आडोशाला बसून सगळं नाटक वाचत जातो, आणि ज्याने त्याने आपलं वाक्य उचलायचं असतं. नाही म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं. मी हो म्हणालो.

दुपारी मिथुनने गाडी काढली. बाबा आपली मेकअपची पेटी मांडीवर घेऊन पुढे बसले. मग आई घरातून बाहेर आली. निळी साडी नेसलेली. कोणाकडे न पाहता तिने मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"अवं अंजना, घरात पाहुने आहेत, कुठी चालली?" मावशीने विचारलं.

"पाहुन्याइले राजदीप पाहीन. त्यानंच केलं ना सारं."

"आई, आज मीही नाटकात आहे," मी खिडकीशी जाऊन म्हणालो. "इथंच."

"तुले त मी रोजच पाह्यतो," आई म्हणाली आणि काच वर केली.

माझ्या अभिनयाबद्दल थोडक्यात सांगतो. प्रॉम्प्टर जे जे वाचेल ते ते मी म्हणत गेलो, माझं काय आणि दुसऱ्याचं काय. नायिकेचा हात धरायच्या आधी मीच "सोडा मला, मी ओरडेन" असं म्हणून मोकळा झालो. गाव हसून लोळलं. शेवटी नायकाने मला मारलं तेव्हा टाळ्या पडल्या, त्या नायकासाठी होत्या असं मी मानत नाही. कंपनीची गाडी मात्र कोणी अडवली नाही. समितीचे लोक म्हणाले, असला विनोदी खलनायक आजवर पाहिला नव्हता.

सकाळी मी पाहुण्यांसाठी चहा मांडला होता तेव्हा मिथुनची गाडी दारात लागली. बाबा पेटी उतरवायला मागे गेले. आई ओसरीवर येऊन बसली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या हातातला कप घेतला. डोळे जागरणाने लाल झाले होते. माझं कसं झालं ते तिने विचारलं नाही. मीच विचारलं, "कसे होते बाबा?"

"लय खराब मानूस आहे तो," आई म्हणाली. "एका गरीब म्हाताऱ्याले घराभाईर काढते, पोरीचा हात धरते. साऱ्या बाया शिव्याच देऊन राह्यल्या होत्या. माह्या बाजूची बाई मले म्हने, असल्या मानसाच्या बायकोचं काय होत असन वं."

बाबा पेटी हातात घेऊन अंगणात तसेच उभे राहिले.

"मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, त्याची बायको मीच होय." आईने चहाचा घोट घेतला. "मंग ते सरकली, अन् मले आपल्या चटईवर जागा देल्ली."