रांग मोडायची नाही

“या कॉलरने माझा गळा कापायचं ठरवलंय,” फ्लॉसी पेट्रॉस्की पुटपुटली. “आणि ही बाई बघा, बाही उसवत बसलीय. आधी गळा वाचव गं. हाताचं काय, तो मोडलेलाच आहे.”

डोलोरेसच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिने नुसतं ‘हुं’ केलं. फ्लॉसीचा उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि पथकाच्या निळ्या कोटाची बाही त्यावर काही केल्या चढत नव्हती. चर्चच्या तळघरात, शिजत्या कोबीच्या वासात दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. पलीकडे बायका नूडल्समध्ये लोणी घालत होत्या. डोलोरेसने शिवण कोपरापर्यंत उसवली, मध्ये एका जुन्या कोटाची पट्टी बसवून पाहिली आणि टाचण्या काढून म्हणाली,

“हात झोळीत घालून चाल ना. कोट नुसता खांद्यावर टाक.”

“अर्धा गणवेश? थेरेसा माझा दुसराही हात मोडेल.”

“झांजा तर वाजवता यायच्या नाहीत तुला.”

“एका हाताने वाजत नाहीत म्हणतात, ते खरंच आहे. मी फलकाची काठी धरणार. पण चार जुलैच्या मिरवणुकीला घरी बसणार नाही, सांगून ठेवते.”

गणवेश घालायचा तर पुरता, नाहीतर घालायचाच नाही. अंगात गणवेश असताना खायचं नाही, बिअरचा घोट तर नाहीच. उंच टोपी जमिनीवर टेकवायची नाही, आणि तिच्यातला पांढरा तुरा आपला आपण खोवायचा नाही, तो मागच्या माणसाने खोवायचा. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. युद्धावरून परतलेल्या खाणकामगारांनी हे ढोल-बिगुलांचं पथक उभं केलं तेव्हापासून ते तोंडातोंडी चालत आले होते. खाणी बंद पडल्या, शर्टांचा कारखाना गेला, पोरंबाळं फिलाडेल्फियाला गेली. नियम मात्र राहिले. सांभाळायला दुसरं फारसं काही उरलं नव्हतं, असं डोलोरेसला कधीकधी वाटे.

त्यातले दोन नियम सगळ्यांत मोठे. पहिला, रांग मोडायची नाही. टोकाचा माणूस चुकला तर सगळ्यांनी त्याच्यामागून चुकायचं, कारण सरळ चुकलेली रांग शोभून दिसते, वाकडी बरोबर रांग दिसत नाही. आणि दुसरा, कुणाचा बिगूल कुणी मागायचा नाही. तो ज्याचा त्याने आपणहून द्यायचा. अगदी सुरुवातीला कुणीतरी एका सैनिकाचे थरथरते हात बघून त्याचा बिगूल काढून घेतला होता म्हणे. पुढे त्या सैनिकाचं काय झालं, हे विचारलं की म्हातारे खिडकीबाहेर बघत.

फ्लॉसीचा हात मोडला तो पहिल्या नियमापायी. पण फ्लॉसी सगळ्यांना सांगत होती, बुटांपायी.

मे महिन्यात, हुतात्म्यांच्या दिवशी, पथक दरवर्षीसारखं मोठ्या रस्त्याने निघालं होतं. बँकेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं आणि कबरस्तानात जायचं. लहान पोरालाही ठाऊक असलेला रस्ता. रांगेच्या टोकाला डोलोरेसचा नवरा लेन यांचिक होता, खर्जाचा बिगूल घेऊन. त्याच्याकडे बघूनच बाकीचे वळत. कोपऱ्यावर लेन उजवीकडे वळला.

शेजारी बर्नी गॅलिक होता. त्याने बघितलं, एक सूर गाळला आणि तोही उजवीकडे वळला. मग बिगुलांची रांग वळली, तिच्यामागची वळली, ढोल वळले, झांजा वळल्या, आणि अख्खं पथक वाजत-गाजत चढावरून वर निघालं. पूर्वी तिथे पथकाची तालमीची इमारत होती. ती पाडून जमाना झाला होता. म्होरकी थेरेसा हुडॉक हातातली काठी नाचवत एकटीच कबरस्तानाकडे चालली होती. आवाज भलत्याच टेकडीवरून यायला लागला तेव्हा कुठे तिने मागे वळून पाहिलं.

लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते. वर रस्ता संपत होता, कुंपण होतं, फरसबंदी उखडलेली होती. तिथे पथक वाजवत वाजवत जागच्या जागी पाय आपटत उभं राहिलं आणि फ्लॉसी एका खड्ड्यात गेली.

सुईदोऱ्याची पिशवी घेऊन डोलोरेस फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीने धापा टाकत वर गेली होती. तिने लेनचा चेहरा बघितला. किती तरी दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिने पाहिला नव्हता. कुंपणापलीकडच्या रानगवताकडे बघत तो वाजवत होता, एकही सूर न चुकता.

त्यानंतर सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की नगरपालिकेच्या माणसांनी रस्ता बंद करायचा अडसर चुकीच्या जागी ठेवला होता.

घरी लेन साखरेचा डबा टपालपेटीत ठेवून येई. न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून दार कुठे गेलं म्हणून विचारी. पण सकाळी स्वयंपाकघरात बिगूल हातात आला, की त्याचे खांदे सरळ होत, हनुवटी वर जाई आणि जुन्या चाली पाणी वाहावं तशा बाहेर येत. तेवढा वेळ घरात लेन असे. डोलोरेस कॉफी गार होऊ देई, पण त्याला थांबवत नसे. गाणं संपलं की तो बिगूल पुसे, आणि पुसता पुसताच कुठेतरी निघून जाई.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचा रस्ता यंदा नदीवरच्या पुलाशी येऊन वळणार होता. पुलावर ट्रकांची ये-जा बंद ठेवायची नाही, असा वरून हुकूम आला होता. तेव्हापासून माणसं डोलोरेसकडे यायला लागली होती.

आधी बर्नी आला, टोमॅटो घेऊन.

“लेनला थकवा येतो का गं हल्ली?”

“तुला येतो का?”

“मला? मला तर जन्मल्यापासून येतोय.”

“मग झालं तर.”

बर्नीने टोमॅटो टेबलावर ठेवले, एक उगाच फिरवून पाहिला आणि निघून गेला. मग थेरेसा आली. ती शाळेची बस चालवायची आणि कुणालाही खडसावायला मागेपुढे बघत नसे. त्या दिवशी मात्र दारातच उभी राहिली.

“उकाडा फार होणार म्हणतात. लोकरीचा कोट, त्यात लेनचं वय...”

“अस्तर काढलंय मी,” डोलोरेस म्हणाली.

“अच्छा. अस्तर काढलंस.”

“हो. आता हवा खेळते.”

या सगळ्यांना काय हवंय ते डोलोरेसला कळत होतं. बिगूल मागायचा नाही हा नियम सभासदांचा. डोलोरेस सभासद नव्हती. बायकांना पथकात घ्यायला लागले तेव्हा तिने झांजा वाजवून पाहिल्या होत्या, पण तालाचं आणि तिचं सासू-सुनेसारखं, एका घरात राहून तोंड न बघणारं. तेव्हापासून तिच्याकडे कपडेपट. पथकातली प्रत्येक कंबर कधी वाढली आणि कुणाची दुखण्याने उतरली, हे तिला ठाऊक. पण तिच्या डोक्यावर कधी तुरा चढला नव्हता. सगळ्या गावात ती एकटीच मोकळी होती मागायला.

म्हणूनच ती न कळल्याचं सोंग घेत होती. बिगूल गेल्यावर घरात कोण उरणार होतं ते तिला माहीत होतं. पथकाला नाही.

आता फ्लॉसीच्या बाहीला शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला. माणसं जमली होती. खुर्च्या सरकल्या. लेन पहिल्या रांगेत, टोकाला, बिगूल मांडीवर घेऊन बसला होता. बर्नी त्याच्या शेजारी. थेरेसाने घसा साफ केला.

“मिरवणुकीचं बोलू. कोपऱ्यावर यंदा दोन माणसं उभी करायची. म्हणजे अडसराचा घोळ नको.”

“पुलाशी पण,” बर्नी म्हणाला.

“पुलाशी पण.”

“दोर बांधू या,” मागून ढोलवाला ओरडला. “शाळेतल्या पोरांना बांधतात तसा. म्हणजे कुणीच हरवणार नाही.”

लोक हसले. लेनही हसला, सगळे हसतात म्हणून.

“नाहीतर वळणच नको,” बर्नी म्हणाला. “नाकासमोर जाऊ.”

“नाकासमोर नदी आहे, बर्नी.”

“पोहता येतं मला.”

“तुझ्या ढेरीला येतं. तुला नाही.” फ्लॉसीने प्लास्टरचा हात वर केला. “मी सांगते, बूट बदला. त्या दिवशी माझे बूटच घसरडे होते. दुसरं काही नव्हतं.”

“अडसर होता,” कुणीतरी म्हणालं.

“तो तर होताच.”

“नगरपालिका म्हणजे...”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलोरेसने फ्लॉसीच्या नव्या बाहीकडे पाहिलं. पट्टीचा निळा रंग मूळ कोटाशी जुळत नव्हता, उन्हात उठून दिसला असता. पुलाशी माणसं उभी करतील. लेन त्यांच्याकडे बघून हसेल, टोपीला हात लावेल आणि चालत राहील. आणि बर्नी बघेल, एक सूर गाळेल, आणि त्याच्यामागून जाईल. मग त्याच्यामागची रांग. फ्लॉसीही जाईल, फलकाची काठी डाव्या हातात धरून. त्यांच्यातला एकही थांबणार नाही. इतकी चांगली माणसं होती ती.

ती उठली. मांडीवरची कात्री खाली पडली, तिकडे तिने बघितलं नाही.

“अडसर नव्हता,” ती म्हणाली.

थेरेसाने वळून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या बायकांनी हातातले डाव खाली ठेवले.

“मी तिथे होते. अडसर जिथे ठेवायचा तिथेच होता. बुटांनाही काही झालं नव्हतं, फ्लॉसी, मीच दिलेत ते.” तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. “लेनला रस्ता कळला नाही. त्याला आता घरातला रस्ताही कळत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आपण सगळे मिळून पुलावर जायला निघालोय.”

बर्नी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. डोलोरेस खुर्च्यांच्या मधून पुढे गेली, लेनसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

“मी मागतेय, लेन. बिगूल दे.”

लेनने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, नीट. मग खिशातून रुमाल काढून त्याने बिगुलाचं तोंड पुसलं, नळी पुसली आणि तो तिच्या हातांवर ठेवला. ठेवून झाल्यावर तो थेरेसाकडे वळला.

“या बाई बरोबर बोलतायत,” तो म्हणाला. “मला वाटलं, कुणी मागणारच नाही.”