उशीतली उरलेली झोप

नारायणगुड्यातल्या त्या फंक्शन हॉलमध्ये भर दुपारी शे-दोनशे माणसं घोरत होती. लग्नात नवरा-नवरीला बसवतात त्या प्लास्टिकच्या फुलांच्या कमानीखाली सुषुप्तिनाथ महाराज बसले होते आणि खाली सतरंज्यांवर भक्त ओळीनं आडवे झाले होते. कोणी शिट्टीसारखं घोरत होतं, कोणी कुकरसारखं. एक जाडजूड गृहस्थ तर मधेच साफ थांबायचे, शेजारचा उठून बघेल इतका वेळ थांबायचे, आणि मग थंडीत ट्रक सुरू व्हावा तसे गचके खात पुन्हा सुरू व्हायचे. "ही समाधी," महाराजांचा शिष्य हलक्या आवाजात सांगत होता.

दारातला रिक्षावाला चपलांचा ढीग बघत म्हणाला, "क्या हौला, येड़ा काम है अम्मा. सोने कू बी लाइन लगा रे लोगां."

त्रिवेणी आईला न्यायला आली होती. आईला इथं आणलं होतं वरच्या मजल्यावरच्या ज्योतीनं. ज्योती पुण्याची, आयटीतली, आणि तिच्या मनगटावर झोप मोजणारं घड्याळ होतं.

"ताई, माझं डीप स्लीप दुप्पट झालंय," तिनं घड्याळ पुढं केलं. "आजोबांच्या उशीमुळं."

महाराजांचं शास्त्र सोपं होतं. प्रत्येक जीव जन्माला येताना ठरावीक झोप घेऊन येतो. ती वापरून संपायच्या आत माणूस गेला, तर उरलेली झोप जाणार कुठं? ती उशीत मुरते. "आवकाय लोणचं मुरतं तशी," महाराज मराठी, तेलुगू आणि हिंदीच्या कालवणात समजावून सांगत. गेलेल्या माणसाची उशी आणावी. महाराज तिच्यातली झोप काढून घरच्यांना देतात आणि रिकामी उशी सायंकाळी अग्नीत टाकतात. टाकावीच लागते. घरात राहिली तर ती जित्यांची झोप प्यायला लागते.

"यजमान काय करत होते, माई?" महाराजांनी आईला विचारलं.

"रेल्वेत होते. सिकंदराबादला. जन्मभर रात्रपाळी केली."

महाराजांनी डोळे मिटले. पंगतीत बासुंदीचं पातेलं दिसल्यावर होतो तसा चेहरा झाला त्यांचा. "रात्रपाळी," ते म्हणाले. "केवढी उरली असेल, माई. येत्या रविवारी उशी आणा."

घरी आल्यावर त्रिवेणीनं तोंड उघडलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, त्यामुळं तिचं तोंड उघडलं की पटकन मिटत नसे. "आई, झोप म्हणजे लोणचं नव्हे. ती मेंदूत असते. कापसात नसते."

"हे तुझ्या कॉलेजच्या पोरांना सांग." आईनं चहाचं आधण ठेवलं. त्रिवेणीचे बाबा एकनाथराव गेल्यापासून घरात चहाला काळवेळ राहिली नव्हती. "कामून भांडायलीस? मला फकस्त एकदा झोपू दे, त्रिवेणी. धड. मंग तू म्हणशील ते करू."

बाबा गेल्या श्रावणात गेले. तेव्हापासून आई रात्री मोबाइल छातीवर घेऊन लवंडायची, त्यात महाराजांचेच व्हिडिओ बघायची, उजाडता उजाडता डोळा लागायचा आणि मग दुपारी पुन्हा लांबच लांब झोप. पलंगाचा बाबांकडचा अर्धा भाग मात्र ती रोज नीट झटकायची. त्यावर हिरव्या सुती साडीच्या अभ्र्यातली त्यांची उशी. कॉलेजातून आल्यावर, कोणी बघत नसताना, त्रिवेणी त्या उशीला तोंड टेकवायची. बाबांच्या आवळ्याच्या तेलाचा वास यायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगणार काय? त्यात सांगण्यासारखं शास्त्र नव्हतं.

शनिवारी नांदेडहून विजयमामा आले. मामा प्रवासात औषधाची डबी विसरतील, चष्मा विसरतील, पण स्वतःची उशी विसरणार नाहीत. सावरीच्या कापसाची, एका कोपऱ्याला हळदीचा डाग असलेली ती उशी काखेत मारूनच ते रेल्वेतून उतरायचे.

"दुसऱ्या उशीवर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, बघ," ते म्हणाले. "लग्नात सासऱ्याकडंबी घेऊन गेलतो."

रविवारी निघायच्या गडबडीत त्रिवेणीनं एक काम उरकलं. आई अंघोळीला गेली होती, मामा जोडे शोधत होते. तिनं हिरव्या अभ्र्यातली उशी काढून स्वतःच्या कपाटात साड्यांखाली दडवली आणि अभ्र्यात मामांची उशी कोंबली. तेव्हा तिच्या मनात कसलाही प्रयोग नव्हता. बाबांची उशी जळू द्यायची नव्हती, एवढंच.

महाराज या विधीला निद्रादान म्हणत, आणि त्याचे नियम कडक होते. आदल्या दुपारपासून चहा-कॉफी बंद, कारण चहाच्या वासानं आत्मे बिचकतात. दिवसा डुलकी घ्यायची नाही, कारण फुटकळ झोप मोठ्या झोपेचा रस्ता अडवते. पहाटे उठून हॉलवर जमायचं, मोबाइल शिष्याच्या पोत्यात टाकायचे आणि सगळ्यांनी अनवाणी हुसेनसागर तलावाच्या बांधापर्यंत, टँकबंडपर्यंत, चालत जाऊन सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं. मग चालतच परत. मामा हुसेनसागरच्या कठड्याला धरून म्हणाले, "पोरी, मेलेल्याची झोप मिळायच्या आधी मीच मरायलोय."

परतल्यावर थोडी मुगाची खिचडी मिळाली. मग हॉलचे पडदे ओढले, एसी गार केला, आणि महाराज उशा घेऊ लागले. आईची उशी हातात आल्यावर त्यांनी अभ्रा उतरवला. कोपऱ्यावर हळदीचा डाग.

"अगं," मामा अर्धवट उठले, "ती तर माझी..."

त्रिवेणीनं त्यांचा हात दाबला. "मामा, गप्प बसा. नंतर सांगते."

महाराजांनी उशी कानाला लावली. "दिसताहेत. गेलेला जीव दिसतोय. हातात हिरवा झेंडा आहे. रात्र आहे, गाडी निघाली आहे. म्हणतो, पद्मावती, माझी सगळी झोप घे."

आईचं नाव शिष्यानं आधीच वहीत लिहून घेतलं होतं. एकनाथराव पार्सल ऑफिसात होते. झेंडा त्यांनी पंधरा ऑगस्टलासुद्धा दुसऱ्याच्याच हाती दिला असेल. पण आईनं मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या उशीचा गेलेला जीव मात्र तिसऱ्या ओळीत बसून दाढेतला मुगाचा दाणा जिभेनं काढत होता.

मग महाराजांनी निद्रास्तोत्र सुरू केलं. त्यात एकच ओळ होती, ती एकाच सुरात, अंगणात कोणी कोरडी पानं झाडत असल्यासारखी येत राहिली. आई आडवी झाली आणि थोड्याच वेळात तिचा श्वास लांबला. हात सैल पडला. इतक्या महिन्यांत त्रिवेणीनं तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. ती बघत बसली. क्षणभर तिलाही वाटलं, घडू दे बाबा चमत्कार, माझं काय जातंय?

शेजारी धडधड सुरू झाली. विजयमामा उशीवाचून, उघड्या सतरंजीवर, तोंड वासून घोरत होते.

दिवस कलताना पडदे उघडले. महाराजांनी आईला माइकजवळ बोलावलं. "बोला माई, कोणाची झोप लागली?"

आई घुटमळली. "लागली खरी," एवढंच म्हणाली.

"यजमानांची! लोकहो, रात्रपाळीची शिल्लक!"

त्रिवेणी उभी राहिली. तिचा आवाज वर्गातला होता. "महाराज, ती उशी माझ्या वडिलांची नाही. सकाळी मी बदलली. ती ह्या मामांची आहे, आणि मामा जिवंत आहेत."

सगळा हॉल मामांकडं वळला. मामांनी ओशाळून हात जोडले.

महाराज कसलेले होते. "जित्याची उशी बोलली? मग यांचा काळ जवळ आलाय. उशीला आधी कळतं."

मामांचा चेहरा उतरला. "आरं देवा. दुकानाची चावी बी माझ्याजवळच हाय."

"उशीला एवढं कळतं, तर तिच्यात रेल्वे कुठून आली?" त्रिवेणी म्हणाली. "मामांचं नांदेडला किराण्याचं दुकान आहे. झेंडा सोडा, तुम्हाला साधी तुरीची डाळसुद्धा दिसली नाही?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. त्रिवेणी आता लोकांशी बोलू लागली. "झोप तुम्हाला लागली, ते खरं आहे. पण ती उशीतून आली नाही. कालपासून चहा नाही, डुलकी नाही. पहाटे उठलात, ऊन घेतलंत, मैलोगणती चाललात. पोटाला हलकं अन्न, हातात फोन नाही, अंधार, गारवा, आणि वर हे स्तोत्र. यानं तर उंटसुद्धा झोपेल. हे सगळं घरी करा. दुपारी नव्हे, रात्री करा. उशी कुणाचीही चालेल."

मग पुढच्या ओळीतली एक म्हातारी उठली. "पोरी, माझीबी खरी नव्हे. त्यांची द्यायला जीव झाला नाही. सोफ्यावरची आणली."

"मी लॉजमधली आणली," एक गृहस्थ म्हणाले.

ज्योतीनं घड्याळ हातानं झाकलं. "ताई, माझीपण आजोबांची नव्हती. आईनं दिलीच नाही ती. ऑनलाइन मागवली."

एकेक जण उठू लागला. अग्नीसाठी रचलेल्या त्या ढिगात नातवंडांच्या उशा होत्या, भाडेकरूंच्या होत्या, एक तर बसमधून उचललेली निघाली. मेलेल्या माणसाची म्हणावी अशी क्वचितच. महाराजांचा संताप अनावर झाला. "फसवणूक!" ते माइकवर ओरडले. "भोळ्या साधूची फसवणूक!" आणि मागच्या दारानं जे गेले, ते स्वयंपाक्याच्या टेम्पोत बसूनच. मोबाइलचं पोतं मात्र मामांनी वेळीच ओढून घेतलं. त्या जाडजूड गृहस्थांच्या बायकोला त्रिवेणीनं गाठलं आणि सांगितलं, की झोपेत श्वास असा अडकणं ही समाधी नव्हे, दुखणं आहे. यांना डॉक्टरांना दाखवा.

रिक्षात मामा उशी पोटाशी धरून पुनःपुन्हा विचारत होते, "म्हणजे काळ जवळ नाही ना आला?"

"मामा, उशीवाचून दुपारभर घोरलात तुम्ही."

"हो का?" मामांना हे फारच लागलेलं दिसलं.

घरी आल्यावर त्रिवेणीनं कपाट उघडून साड्यांखालची उशी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "रागावू नकोस. मला नाही देववली."

आईनं उशी उलटसुलट केली. मग तिचे खांदे हलायला लागले. त्रिवेणी घाबरली, पण आई हसत होती.

"अगं येडे, ही पाहुण्यांसाठीची. दिवाळीत सुलतान बाजारातून आणलेली. त्यांची मी महाराजांनी मागितली त्याच दिवशी काढून ठेवली, आन् अभ्रा धुऊन हिला घातला. तांदळाच्या पिंपात हाय."

"पण तुला तर झोप हवी होती."

"हवी होती. म्हणून त्यांची उशी जाळू होय? म्हटलं, महाराजाला काय कळतंय." आईनं डोळे पुसले. "आन् त्याला खरंच कळलं नाही बघ."

त्रिवेणी खाली बसली. तो सबंध आठवडा ती हिरव्या अभ्र्यात तोंड खुपसून बसली होती. म्हणजे पाहुण्यांच्या उशीत. आणि तिला आवळ्याच्या तेलाचा वास आला होता, अगदी स्पष्ट. प्राणिशास्त्राच्या बाईंना.

आता संध्याकाळनंतर त्या घरात चहा होत नाही. फोन स्वयंपाकघरात झोपतो. आई रोज ठरल्या वेळी उठून उन्हात चालून येते, दुपारी फार लवंडत नाही, आणि पडल्यावर झोप आली नाही तर तळमळत न बसता उठून तांदूळ निवडते. बऱ्याच रात्री तिला झोप लागते. काही रात्री लागत नाही. त्या रात्री तिला एकनाथरावांची आठवण येत असते, आणि त्यावर कुठल्याही महाराजाकडं तोड नाही.

दुःखात माणसाला हवा तो वास येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या वासावर कोणी दुकान मांडलं, तर आगीत काही टाकण्याआधी एवढं करावं: कुणाला न सांगता, उशी एकदा बदलून बघावी.