क्लिपमधला आधीचा भाग

सकाळी सव्वासातला बेल वाजली आणि दारात रोज बाबांना आंघोळ घालायला येणारी फौजदारीण नव्हती. निळा डगला तोच होता, आतला माणूस वेगळा. पन्नाशीचा, नम्र, चपला बाहेरच काढून उभा.

"नगरपालिकेच्या घरसेवेतून आलोय. तुमच्या नेहमीच्या ताईंना चौकशी होईपर्यंत थांबवलंय."

लेकीनं मान हलवली आणि वाट दिली. आदल्या संध्याकाळपासून तिचा फोन गप्प बसला नव्हता, त्यामुळे हे कानावर येणार याची तिला कल्पना होती. आपल्या हातून झालंय हेही तिला ठाऊक होतं.

आत बाबा पलंगावर टेकून बसले होते. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा डावा हात आणि पाय नुसते सोबतीला होते. तोंड मात्र शाबूत. सारी हयात त्यांनी केस कापण्याचं दुकान चालवलं होतं आणि त्या दुकानात लोक दाढीपेक्षा बाबांच्या शिव्या खायला येत. "आधी हसवायचं, मग वस्तरा लावायचा. हसून झालेला माणूस सैल पडतो," असं ते म्हणायचे.

"काका, आता आपण छान आंघोळ करू या हं," नवा माणूस म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाऊण तास विनवण्या झाल्या. शेवटी तो बिचारा ओल्या फडक्यानं चेहरा आणि हात पुसून निघून गेला. लेकीच्या हातून आंघोळ करून घ्यायला बाबा तयार नव्हतेच. पोटच्या पोरीसमोर उघडं व्हायचं नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता. तिला नऊला औषधाच्या दुकानात हजर व्हायचं होतं.

फौजदारीण हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिच्या हातातला मग दोनदा उडवला होता. तिसऱ्यांदा तिनं तो उचलला आणि शांतपणे म्हणाली, "म्हातारबा, घाण वास येतोय. वर गेलात तर तिथूनही परत पाठवतील." बाबा हसले, इतके हसले की ठसका लागला. त्या दिवशी पहिली आंघोळ झाली. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघरातून दोघांची जुगलबंदी ऐकू यायची आणि लेक स्वयंपाकघरात निर्धास्तपणे डबा भरायची.

मागच्या आठवड्यात बातमी आली की नगरपालिका घरसेवा बंद करायच्या विचारात आहे. येत्या गुरुवारी सभेत त्यावर मतदान होतं. वस्तीच्या ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. कुणी म्हणे, कर आमचे आणि आराम दुसऱ्यांना. कुणी म्हणे, म्हातारे काय रस्त्यावर ठेवायचे? लेकीला वाटलं, बोलण्यापेक्षा दाखवावं. आदल्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी फोन धरून तिनं एक क्लिप घेतली. टॉवेल गुंडाळलेले बाबा खुर्चीवर, समोर फौजदारीण.

"म्हातारबा, अजून आहात? मी तर येताना फुलं सांगून आले होते. आता ती परत कशी करू? चला, उचला तो पायाचा ओंडका."

आणि बाबांचं हसणं. तेवढा तुकडा तिनं ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही सेवा बंद करू नका.'

संध्याकाळपर्यंत तो शहरातल्या बातम्यांच्या पानावर पोचला होता. हसणं कुणीतरी उडवलं होतं. वर मथळा होता, 'लुळ्या वृद्धाला मरणाची थट्टा ऐकवणारी सेवा'. एका नगरसेवकानं त्यावर भाषण ठोकलं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत सेवेवर खर्च फार होतो म्हणणारा हाच माणूस आता म्हाताऱ्यांच्या कळवळ्यानं बोलत होता.

कामावर निघताना जिन्यात मास्तर भेटले. ते वरच्या मजल्यावर राहत, गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईकडेही फौजदारीणच जायची.

"मास्तर, तुम्ही तरी सांगा ना कुणाला. तिची बोलायची रीतच ती आहे. बाबांना आवडतं."

"तुमच्या बाबांना आवडतं," मास्तर म्हणाले. "ते उलटून बोलतात. माझ्या आईची वाचा गेलीय. मी कामावर असताना तिला ही बाई काय म्हणत असेल?"

"तसं काही नसेल हो."

"नसेल. पण मला कळणार कसं? आईला विचारू?"

मास्तर पायऱ्या चढून गेले.

दुपारी चौकशी करणाऱ्या बाईंचा फोन आला. मूळ क्लिप पूर्ण असेल तर आज पाचच्या आत पाठवा, त्यानंतर समिती निर्णय घेईल. दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये उभं राहून लेकीनं ती पहिल्यापासून लावली. सुरुवात तिनं स्वतःच कापली होती. बाबांची लाज झाकायला.

सुरुवातीला बाबा बोलतात. "बर्फासारखे हात. असल्या बायकोपाशी कोण नवरा टिकेल? बरोबर पळाला." पुढचा शब्द असा, की लेक तो मनातही उच्चारत नसे. मग फौजदारीण गप्प होते. नळ वाहत राहतो. तिची पाठ दिसते, आणि मगवर घट्ट आवळलेली बोटं. बराच वेळ. मग ती वळते, चेहऱ्यावर हसू, आणि फुलांचं ते वाक्य येतं.

लेकीनं ते तीनदा पाहिलं. क्लिप घेताना आणि कापताना तिचं लक्ष फक्त बाबांच्या शब्दांकडे होतं. इतके महिने ती डबा भरताना ऐकत आली होती, पण भिंतीपलीकडून ही शांतता कधी ऐकू आली नव्हती.

तिनं फौजदारिणीला फोन लावला.

"ताई, माझ्याकडे पूर्ण क्लिप आहे. आधी बाबा काय बोलले ते त्यात आहे. ती पाहिली तर तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

"नवऱ्याचं आहे का त्यात?"

"हो."

"मग ते सगळं गाव ऐकेल."

"समितीच पाहील फक्त."

"पहिली क्लिप पण तुमच्या ग्रुपवरच होती ना, ताई?" आवाजात राग नव्हता. "माझा लेक कॉलेजात जातो. त्याला सांगितलंय, वडील परगावी कामाला आहेत."

"तुमची नोकरी जाईल."

"कळतंय मला. विचार करून सांगते." मग तिनंच विचारलं, "म्हातारबांनी आंघोळ केली?"

"नाही."

"पाठीला पावडर लावा. भिंतीकडे तोंड करून पडतील, तेव्हा लावू देतील."

"ताई, तुम्हाला ते वाईट वाटायचं का? रोजचं?"

"ठेवते आता," फौजदारीण म्हणाली.

साडेचारला लेक रजा टाकून घरी आली. बाबा भिंतीकडेच तोंड करून होते. तिनं शर्ट वर सरकवला आणि पावडर लावली. त्यांनी लावू दिली.

"फौजदारीण कुठाय?" ते भिंतीला म्हणाले.

"थांबवलंय तिला. बाबा, तिच्या नवऱ्यावरून का बोलता तुम्ही?"

"ती हसते की."

तिनं क्लिप समितीच्या पत्त्यावर जोडली, बोट बटणाच्या वर धरलं आणि फोन पालथा ठेवला. पाचला दहा कमी असताना तो सुलटा करून पाहिला. क्लिप तशीच जोडलेली होती, आणि फौजदारिणीचा फोन आलेला नव्हता.