गेम निर्दोष सुटला

यंदाच्या जत्रेत कुस्त्यांच्या आखाड्याशेजारीच मोबाईल गेमची स्पर्धा भरली आणि मंगल तिथंच थांबून बघू लागली. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडचं एवढंसं गाव, पण पडदा केवढा मोठा! पडद्यावर बंदुका धडाडत होत्या, माणसं पटापट पडत होती आणि सरपंच मानसिंगराव फेटा बांधून पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते.

हेच मानसिंगराव! सहा वर्षांपूर्वी याच गेमच्या नावानं त्यांनी गावभर शंख केला होता. मंगलच्या सतरा वर्षांच्या इंद्रजितनं गावातल्या पप्पूचं डोकं दगडानं फोडलं, तेव्हा सगळं गाव तिच्या दारात उभं राहिलं. बिनबापाचं पोर, पोलिसांत गेलं तर आयुष्याचं मातेरं होईल, या भीतीनं तिनंच आधी तोंड उघडलं. "माजं पोर वाईट न्हाई हो! त्या गोळ्या घालायच्या गेमनं डोस्कं फिरवलंय त्याचं."

गावालाही ते पटलं. टीव्हीवर तेव्हा रोज तेच दळण चालू होतं. तक्रार टळली, पण पुन्हा गेमला हात लावणार नाही म्हणून भैरोबासमोर इंद्रजितला शपथेचा भंडारा उचलायला लावला. त्याचा हात धरून मंगलनंच भंडाऱ्यात घातला. आठवड्याच्या आत पोरगं कापूरहोळला पंक्चरच्या दुकानात कामाला लागलं आणि पुन्हा सणालासुद्धा गावाकडं फिरकलं नाही.

बक्षिसं वाटून झाल्यावर मंगलनं मानसिंगरावांना गाठलं. "सरपंच, ह्यो गेम वाईट व्हता न्हवं?"

"ते जुनं झालं गं. आता पोरं यात नाव काढत्यात. गेमनं कुनी बिघडत न्हाई, मंगल. बिघडायचं ते मुळातच बिघडल्यालं असतंय."

बोलले ते मायेनंच, म्हणून जास्त लागलं. गाव मोठं सोयीचं! गेमला निर्दोष सोडलं आणि सहा वर्षं त्याच्या माथी मारलेला गुन्हा तिच्या पोराच्या पदरात टाकला. मंगल संतापली, घरी येऊन रडली. आणि गेमनं नाही तर मग कशानं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला. आईला पडायला एवढी वर्षं लागली, याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती कापूरहोळला उतरली. इंद्रजित ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"इंद्रा, पप्पूला का मारलं व्हतंस रं?"

त्यानं ट्यूब खाली ठेवली. "चार पोरांत तुज्याबद्दल घान बोलला त्यो. मेलेल्या बाबाचं नाव घिऊन."

मंगल तिथल्याच टायरवर बसली. "मंग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगनारच व्हतो. तू आधी बोललीस. पोराचं डोस्कं फिरलंय म्हनलीस. मंग डोस्कं फिरलेल्याचं कोन ऐकतंय, आये?"

"चल घरी. सगळ्या गावाम्होरं सांगते म्या."

"काय सांगशील? त्यो काय बोलला, ते सांगावं लागंल. आता चौघांनाच म्हाईत हाय, मंग समदं गाव बोलंल." त्यानं तिचा पदर झटकून नीट केला. "ते कुनी बोलू नये म्हनून तर त्याला मारलं व्हतं."